उजेड पाखडताना

रात्रीच्या आकाशाचे फोटो काढणारा माणूस प्रकाशाला भुकेलेला असतो. अमावास्या गाठून तो गावापासून लांब जातो, अंधारी जागा शोधतो, एखाद्या अंधुक तेजोमेघावर तासन्‌तास कॅमेरा रोखून बसतो. सूर्याचे फोटो काढणाऱ्याचं गणित याच्या बरोबर उलटं. त्याच्यासमोर पहिल्या क्षणापासून इतका प्रकाश असतो की सावध नसेल तर डोळाही जाईल आणि कॅमेराही. त्याचं सगळं कसब टाकण्यात आहे. आधी लाखातला एक भाग ठेवून बाकीचा उजेड टाकायचा. मग एकच रंग, त्यातलीही केसाएवढी पट्टी ठेवून बाकीचा वर्णपट टाकायचा. मग हजारो फ्रेम्स घेऊन त्यांतल्या शे-दोनशे ठेवायच्या. आणि शेवटी संगणकापुढे बसल्यावर चित्रावरचा धुरकटपणा काढायचा. सुपात धान्य पाखडताना फोल उडतं आणि दाणा मागे राहतो, पण झटका जास्त झाला तर फोलाबरोबर दाणेही जातात. सूर्याच्या छायाचित्रणात हा झटका बहुतेक वेळा शेवटच्या टप्प्यात, संगणकावर बसतो. म्हणून या पुस्तकाची निम्मी पानं फोटो कसा काढावा यावर आहेत, आणि उरलेली निम्मी हात कुठे आवरावा यावर.

हे पुस्तक शहरात राहणाऱ्या हौशी माणसासाठी लिहिलं आहे. पुण्यात १९४४ साली ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली तेव्हा शहराच्या मधोमध उभं राहूनही आकाशगंगा दिसत असेल. आज पुण्या-मुंबईत, नाशिक-नागपुरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके तारे दिसतात. सूर्याला मात्र दिव्यांच्या झगमगाटाचा काहीच त्रास नाही. सोसायटीची गच्ची, पूर्वेकडचा मोकळा कोपरा आणि साठ ते शंभर मिलिमीटरची लहान दुर्बीण एवढ्यावर काम सुरू होतं. आणि हा एकच तारा असा आहे, जो आपल्याला ठिपका म्हणून दिसत नाही, त्याच्या अंगावरचे बारकावे दिसतात. बाकी कुठल्याही ताऱ्याच्या बाबतीत हौशी दुर्बिणीला हे कधीच जमणार नाही.

लोक एक प्रश्न हमखास विचारतात, आणि तो रास्त आहे. नासाची सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरी २०१० पासून अवकाशातून सूर्याच्या ४०९६ बाय ४०९६ पिक्सेलच्या प्रतिमा अखंड पाठवते आहे. भारताचं आदित्य-एल१ जानेवारी २०२४ मध्ये आपल्या जागी पोहोचलं, आणि त्यावरची अतिनील दुर्बीण तर पुण्याच्या आयुकाने घडवली. मग गच्चीवरच्या माणसाने ऊन कशाला खावं? माझं उत्तर असं: त्या प्रतिमा पाहून सूर्याविषयी माहिती होते, पण बघायला शिकता येत नाही. सौरज्वाळेचा एक धागा वीस मिनिटांत कसा वाकला, ते स्वतः फोकस करून, हवा निवळण्याची वाट पाहून टिपलं की पुढच्या वेळी अवकाशयानाची प्रतिमासुद्धा वेगळी वाचता येते. शिवाय सूर्याच्या अभ्यासात हौशी माणसांनी जे केलं आहे ते लहान नाही. ते पुढे येईलच.

त्याआधी डोळ्यांबद्दल. हा भाग वगळून पुढे जाऊ नये, अशी वाचकाला कळकळीची विनंती आहे.

भर उन्हात डोळ्याची बाहुली आकसून सुमारे दोन मिलिमीटर होते. ८० मिलिमीटरची दुर्बीण तिच्या १६०० पट प्रकाश गोळा करते आणि एका बिंदूत आणते. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, त्यामुळे इजा होताना काहीच जाणवत नाही. काही तासांनी दृष्टीच्या मधोमध डाग दिसू लागतो, आणि तो कायमचा राहू शकतो. म्हणून फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, प्रकाश आत शिरण्याआधी, आणि वाऱ्याने निघणार नाही असा घट्ट बसवलेला हवा. जुन्या दुर्बिणींबरोबर आयपीसवर फिरवून बसवायची काळी काच मिळायची. ती एकवटलेल्या उष्णतेने तडकते. अशी काच घरात असेल तर ती फेकून द्यावी, कुणाला देऊही नये. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, ग्रहणाच्या वेळी घेतलेला कागदी चष्मा लावून दुर्बिणीतून बघणं, हे सगळं वर्ज्य. शोधक दुर्बिणीवर टोपण लावावं किंवा ती काढूनच ठेवावी. सूर्य शोधायला तिची गरजही नाही: जमिनीवर पडलेली नळीची सावली लहानात लहान झाली की दुर्बीण सूर्याकडे रोखलेली असते. फिल्टरच्या चंदेरी फिल्मवर टाचणीएवढं छिद्र पडलं आहे का, हे दर वेळी आधी आकाशाकडे धरून तपासावं. बाजारात याच फिल्मचा एक प्रकार फक्त कॅमेऱ्यासाठी मिळतो. तो साधारण सहा हजारांत एक भाग प्रकाश आत सोडतो. डोळ्यांसाठीचा प्रकार लाखात एक. दिसायला दोन्ही सारखेच चंदेरी, म्हणून कडेवर नाव लिहून ठेवावं. लहान मुलं आसपास असतील तर सूर्याकडे रोखलेली दुर्बीण सोडून पाणी प्यायलाही जाऊ नये.

हे एवढं पाळलं की पांढऱ्या प्रकाशातला सूर्य खुला होतो. ४०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीत सूर्याची प्रतिमा जेमतेम पावणेचार मिलिमीटरची पडते, पण त्या पावणेचार मिलिमीटरमध्ये १०९ पृथ्व्या शेजारी शेजारी मावतील एवढी रुंदी आहे. डाग दिसतात, डागांच्या मध्यातली गडद प्रच्छाया आणि भोवतीची तंतुमय उपच्छाया दिसते, कडेकडे तेज कमी होत गेलेलं दिसतं. डाग काळे दिसतात ते केवळ भोवतालच्या तुलनेत. पृष्ठभाग सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सिअस असतो, आणि डागाचं चुंबकीय क्षेत्र खालून वर येणाऱ्या उष्ण वायूची ये-जा रोखून धरतं, म्हणून तेवढी जागा दीड-दोन हजार अंशांनी थंड राहते. तोच डाग एकटा आकाशात ठेवला असता तर झगझगीत दिसला असता. मे २०२४ मध्ये ३६६४ क्रमांकाचा डागांचा जो समूह आला, त्याची रुंदी पृथ्वीच्या सुमारे पंधरापट होती आणि ग्रहणाच्या चष्म्यातून तो दुर्बिणीशिवायही दिसत होता. त्यानेच फेकलेल्या वादळाने १० आणि ११ मेच्या रात्री लडाखमध्ये हानले इथून तांबडा ध्रुवीय प्रकाश दिसला. हवा चांगली आणि दुर्बीण शंभर मिलिमीटरची असेल तर आणखी एक गोष्ट जेमतेम हाती लागते: सगळ्या पृष्ठभागावर पसरलेले, उकळणाऱ्या वायूचे सुमारे हजार किलोमीटर रुंदीचे कण. दहा-पंधरा मिनिटांत जुने विरतात, नवे येतात.

पण सौरज्वाळा या मार्गाने दिसत नाहीत, आणि खरी ओढ लागते ती त्यांची.

फार काळपर्यंत त्या फक्त खग्रास ग्रहणाच्या काही मिनिटांत दिसत. १८ ऑगस्ट १८६८ रोजी असंच ग्रहण आपल्याकडून गेलं. त्याचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून आत शिरून मछलीपट्टणमपर्यंत पोहोचत होता. पटवर्धनांच्या जमखंडीत लेफ्टनंट जॉन हर्शेल ढगांच्या फटींतून वर्णपटदर्शक रोखून होते, विजापुरात आणखी एक तुकडी होती, गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ ज्यूल्स जान्सेन. ज्वाळांचा वर्णपट सलग नसून त्यात मोजक्या तेजस्वी रेषा आहेत, म्हणजे त्या तप्त वायूच्या आहेत, हे त्या दिवशी कळलं. त्या रेषा एवढ्या ठळक होत्या की ग्रहण सुटल्यावरही दिसाव्यात असं जान्सेनना वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भर उजेडात त्यांनी त्या खरोखरच पाहिल्या. २० ऑक्टोबरला इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांनाही स्वतंत्रपणे तेच साधलं. युक्ती पुन्हा टाकण्याचीच होती. आकाशाच्या चकाकीत सगळे रंग असतात, त्यामुळे वर्णपट लांबवत नेला की ती पसरून फिकी पडत जाते. ज्वाळेचा प्रकाश दोन-चार रेषांतच एकवटलेला असतो, तो फिका पडत नाही. चकाकी विरळ करा, ज्वाळा आपोआप वर येते.

इथे एका समजुतीबद्दल लिहायला हवं. विजयदुर्गावरून १८६८ साली लॉकियरनी हेलियमचा शोध लावला, असं कोकणात आवडीने सांगितलं जातं. त्या वर्षी लॉकियर इंग्लंडमध्येच होते. ते विजयदुर्गला आले ते तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. किल्ल्याच्या अभिमानाला यामुळे काही कमीपणा येत नाही. उलट त्या ग्रहणाची गोष्ट मराठी वाचकाला अधिक जवळची वाटावी अशी आहे. त्याच दिवशी सोलापूरकडच्या जेऊरला पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली उपकरणं मांडून बसले होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून त्यांनी पुण्यात वेधशाळा उभी केली होती. १९१२ मध्ये ती बंद झाली आणि तिची वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. कोडाईकनालच्या वेधशाळेत सूर्याचे रोजचे फोटो विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीपासून घेतले गेले आहेत, आणि डागांच्या उपच्छायेतून वायू बाहेरच्या दिशेने वाहतो हे जॉन एव्हरशेड यांनी १९०९ मध्ये तिथेच दाखवलं. काचेच्या तबकड्यांवरचा तो संग्रह आजही संशोधनाला पुरतो आहे.

जान्सेन-लॉकियरांच्या युक्तीचं आजचं रूप म्हणजे एच-अल्फा दुर्बीण. हायड्रोजनच्या अणूतला इलेक्ट्रॉन तिसऱ्या पातळीवरून दुसरीवर उतरतो तेव्हा ६५६.२८ नॅनोमीटर तरंगलांबीचा गडद तांबडा प्रकाश निघतो. पृष्ठभागावरच्या वर्णगोलाच्या थराचं चित्र नेमकं या प्रकाशात उमटतं, पण त्यासाठी खिडकी फार अरुंद लागते: ०.७ अँगस्ट्रॉम, म्हणजे दृश्य वर्णपटाचा साधारण चार हजारावा हिस्सा. एवढी अरुंद खिडकी रंगीत काचेने बनत नाही. ती दोन काचांच्या मधल्या पोकळीतून बनते. अत्यंत सपाट घासलेल्या, अर्धवट परावर्तन करणाऱ्या दोन काचा एकमेकींना समांतर, मध्ये मिलिमीटरच्या अंशाएवढं अंतर. प्रकाश आत शिरून पुढे-मागे आपटत राहतो आणि त्या अंतरात ज्यांच्या अर्ध्या तरंगांची पूर्ण संख्या मावते तेवढ्याच तरंगलांबी बाहेर पडतात, बाकीच्या आपसांत विझतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला फ्रान्समध्ये शार्ल फाब्री आणि आल्फ्रेड पेरो यांनी ही रचना केली. तिला एटॅलॉन म्हणतात, आणि एच-अल्फा दुर्बिणीच्या किमतीतला मोठा वाटा तिचाच असतो.

एटॅलॉन जुळवणं हे काम वाचून येत नाही, तरी त्या क्षणी काय दिसतं ते सांगतो. डोक्यावरून आणि लॅपटॉपवरून काळं कापड ओढून घेतलेलं. पडद्यावर राखाडी, सपाट तबकडी. एटॅलॉनचं कडं अगदी हळू फिरवत न्यायचं. आधी डागांजवळ काही ठिकाणी पांढुरके पुंजके उजळतात. आणखी थोडं फिरवलं की तबकडीवर काळे तंतू उमटतात. त्या ज्वाळाच असतात, फक्त वरून, तेजस्वी पृष्ठभागासमोर बघितल्यामुळे काळ्या दिसणाऱ्या. मग सबंध पृष्ठभाग खरखरीत होतो आणि कडेला आखूड, दाट लव दिसू लागते. तिथे थांबायचं. कडं त्याच्या पुढे गेलं तर सगळं परत सपाट. ऊन चढून नळी तापली की जुळणी सरकते, त्यामुळे थोड्या थोड्या वेळाने परत फिरवावं लागतं. मुद्दाम किंचित बाजूला नेऊन ठेवण्यातही गंमत आहे. अर्धा अँगस्ट्रॉम सरकलं तर सेकंदाला सुमारे २३ किलोमीटर वेगाने आपल्याकडे येणारा किंवा दूर जाणारा वायू उठून दिसतो. स्थिर चित्रात वेग दिसू लागतो, याचा आनंद मला अजून नवाच वाटतो.

ज्यांना एटॅलॉनचा खर्च पेलत नाही त्यांच्यासाठी आता दुसरा रस्ताही आहे. क्रिस्तियाँ ब्युईल या फ्रेंच अभ्यासकाने सोलेक्स नावाचा छोटा वर्णपटलेखक तयार करून त्याचे आराखडे सर्वांना खुले केले. थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या डबीत फट आणि जाळी बसवायची, सूर्याला त्या फटीवरून सरकू द्यायचं आणि चित्रफितीतून संगणकाने एकेक ओळ जोडून सूर्य उभा करायचा. कोडाईकनालच्या जुन्या यंत्राचं तत्त्व हेच होतं.

आता हवेबद्दल, कारण शेवटी सगळं तिच्यावर येऊन ठरतं. दिवसा जमीन तापते, तिच्यावरची हवा उठते, आणि दुर्बिणीतली सूर्याची कड थरथरू लागते. याला सगळे सीइंग म्हणतात. आपल्याकडे गच्चीचा स्लॅब, शेजारचे पत्रे, खाली पार्क केलेल्या गाड्या हे सगळे त्यात भर घालतात. उगवल्यानंतर दीड-दोन तासांनी सूर्य पुरेसा वर आलेला असतो आणि स्लॅब अजून पुरता तापलेला नसतो. माझ्या मते आपल्या हवामानात दिवसभरातली हीच वेळ कामाची. गच्चीवर आधी पाणी मारून ठेवलं तर थोडा फायदा होतो. हिरवळ किंवा पाणी समोर असेल तर फारच उत्तम. उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावातल्या बेटावर बांधली ती याचसाठी. पाणी जमिनीसारखं भराभर तापत नाही, त्यामुळे वरची हवा शांत राहते. जून ते सप्टेंबर आपल्याकडे ढगच असतात. पाऊस उघडल्यावरचा ऑक्टोबर, धुतलेलं आकाश आणि अजून ओल धरून असलेली जमीन, हा काळ मला वर्षातला सर्वोत्तम वाटतो.

थरथरणारी हवा थांबवता येत नाही, पण तिच्यात क्षणभर शांत अशा फटी असतात. म्हणून एक फोटो काढण्याऐवजी चित्रफीत घेतात. कृष्णधवल सीमॉस कॅमेरा, काही मिलिसेकंदांचं एक्स्पोजर, मिनिटभरात हजार-दोन हजार फ्रेम्स. फायरकॅप्चर किंवा शार्पकॅप यांसारख्या प्रणालींत हे होतं. त्याहून लांब फीत घेऊ नये, कारण मिनिटा-दोन मिनिटांत सूर्यावरचे बारकावे स्वतःच हलतात. मग ऑटोस्टॅकर्ट ही प्रणाली प्रत्येक फ्रेमची स्पष्टता मोजते, चांगल्या वर लावते, आणि त्यांतल्या पाच-दहा टक्के एकमेकींवर बसवते, म्हणजे स्टॅकिंग करते. शंभर फ्रेम्सची सरासरी घेतली की कॅमेऱ्याची खरखर दहा पटींनी कमी होते. पुढच्या सगळ्या कामाचा पाया ही खरखर कमी होण्यात आहे. दोन लहान गोष्टी मात्र आधीच करून ठेवाव्यात. धुळीचे ठिपके घालवण्यासाठी दुर्बिणीच्या तोंडावर, फिल्टर जागेवर असतानाच, पातळ पांढरी पिशवी धरून एक फीत वेगळी घ्यावी. आणि एकाच तरंगलांबीच्या प्रकाशात कॅमेऱ्याच्या काचेमुळे चित्रावर एकात एक कडी उमटतात, ती कॅमेरा किंचित कलता लावला की जातात. ही कडी नंतर संगणकावर पुसण्यापेक्षा तिथेच घालवलेली केव्हाही बरी.

स्टॅकिंग झालेलं चित्र पहिल्यांदा बघणाऱ्याला निराश करतं. ते गुळगुळीत आणि धूसर असतं. तपशील त्यात असतो, फक्त हवेने आणि दुर्बिणीने तो आजूबाजूला सांडलेला असतो. तो परत जागेवर आणण्यासाठी रिचर्डसन आणि लूसी यांनी १९७० च्या दशकात मांडलेली गणिती पद्धत आयएमपीपीजी या मोफत प्रणालीत बसवलेली आहे. एक पट्टी सरकवायची आणि सूर्य स्पष्ट होत जाताना बघायचा. मोह इथेच होतो. पट्टी पुढे जाते तसा चित्राचा रुबाब वाढतो, आणि एका जागेनंतर जे वाढतं ते सूर्याचं नसतं. डागाभोवती काळी किनार येते. सूर्याच्या कडेला आणखी एक पांढरी कड उमटते. कण एकमेकांना चिकटून अळ्यांसारखे वळवळीत होतात. उरलीसुरली खरखर दाणेदार पोत बनून बसते आणि तोही वर्णगोलाचा भाग वाटू लागतो.

ही जागा ओळखायच्या तीन कसोट्या या पुस्तकात वारंवार येतील. पहिली भौतिकशास्त्राची. साठ मिलिमीटरची दुर्बीण एच-अल्फात पावणेतीन विकलांपेक्षा बारीक काही वेगळं दाखवू शकत नाही, आणि सूर्यावर पावणेतीन विकला म्हणजे सुमारे दोन हजार किलोमीटर. त्या दुर्बिणीच्या चित्रात पाचशे किलोमीटर जाडीचे रेखीव धागे दिसले, तर ते संगणकाने काढलेले आहेत. दुसरी कसोटी अशी: मिनिटभराच्या अंतराने दोन फिती घ्याव्यात, दोन्हींवर तंतोतंत तीच प्रक्रिया करावी आणि चित्रं शेजारी ठेवावीत. सूर्यावर जे आहे ते दोन्हींत त्याच जागी असेल. तिसरी, त्याच सुमाराचं मोठ्या वेधशाळेचं चित्र काढून बघावं. जगभरातल्या सहा ठिकाणी पसरलेल्या गाँग जाळ्यात उदयपूर आहे, आणि त्यांची एच-अल्फा चित्रं सर्वांना खुली आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे चित्र स्पष्ट करणाऱ्या साधनांबद्दल माझं मत ठाम आहे: सूर्याच्या चित्रावर ती वापरू नयेत. ती इतर असंख्य चित्रं पाहून शिकलेली असतात आणि जिथे तपशील नाही तिथे शोभेलसा तपशील भरतात. तो कितीही सुंदर असला तरी त्या सकाळी सूर्यावर नव्हता.

रंगाचा वाद त्या मानाने सोपा आहे. कॅमेरा कृष्णधवल असतो, नारिंगी छटा नंतर दिलेली असते, आणि त्यात गैर काही नाही, कारण ती काही सांगत नाही, नुसती बघायला मदत करते. तबकडी उलटी करून, म्हणजे काळ्याचं पांढरं करून, तंतू उठावदार करणं हेही चालतं. ज्वाळा अंधुक असल्याने त्यांचं एक्स्पोजर वेगळं घेऊन दोन चित्रं जोडावी लागतात, तेही. अट एकच, हे सगळं चित्राखाली लिहिलेलं असावं.

लिहून ठेवण्यावर मी एवढा भर देतो त्याला कारण आहे. जर्मनीतल्या देसाऊचे औषधविक्रेते हाइनरिश श्वाबे १८२६ पासून ढग नसेल त्या प्रत्येक दिवशी डाग मोजत राहिले. शोधत होते ते बुधाच्या आतला एक ग्रह, जो नाहीच. पण वह्या नीट ठेवलेल्या होत्या, आणि १८४४ मध्ये त्यांतून डागांचं सुमारे दहा वर्षांचं आवर्तन बाहेर आलं. १ सप्टेंबर १८५९ च्या सकाळी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हे आपल्या खासगी वेधशाळेत डागांचं चित्र काढत असताना त्यांना त्या समूहात दोन पांढरेशुभ्र झोत चमकलेले दिसले. त्यांनी वेळ टिपली. दुसऱ्या दिवशी मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली आल्याची नोंद झाली. सूर्यावरच्या घटनेची आणि पृथ्वीवरच्या वादळाची सांगड आजही या नोंदींवरून घातली जाते, कारण दोन्हींवर वेळ होती.

तेव्हा प्रत्येक चित्रावर तारीख आणि जागतिक वेळ घालावी, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून. दुर्बीण, फिल्टर, कॅमेरा, किती फ्रेम्सपैकी किती घेतल्या, हे लिहावं. उत्तर दिशा वर ठेवावी. आरसा वापरला असेल तर चित्र डावी-उजवी उलटं असतं, ते सरळ करून घ्यावं. पश्चिम ओळखायला दुर्बिणीची मोटर क्षणभर बंद करावी, सूर्य ज्या बाजूने चौकटीबाहेर जाईल ती पश्चिम.

सध्याचं आवर्तन डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ते ऐन भरात असल्याचं जाहीर झालं. आता डाग हळूहळू कमी होत जातील, काही वर्षांनी डागच नाहीत असे दिवसही येतील. नव्या माणसाने त्यामुळे खट्टू होऊ नये. ज्वाळा आणि तंतू त्या काळातही असतात, आणि उतरत्या आवर्तनाची सलग नोंद चढत्याइतकीच मोलाची असते. प्रभामंडल मात्र आपल्या साधनांनी ग्रहणाखेरीज टिपता येणार नाही. भारतातून पुढचं खग्रास ग्रहण २० मार्च २०३४ रोजी काश्मीर आणि लडाखच्या काही भागांतून दिसेल, तयारीला पुरेसा वेळ आहे.

पुस्तकातल्या चित्रांबद्दल एक खुलासा करून थांबतो. प्रत्येक तयार चित्रासमोरच्या पानावर त्याच फितीतली एक कच्ची फ्रेम, काहीही न करता, त्याच आकारात छापली आहे. प्रकाशनाच्या दृष्टीने हा खर्च वाढवणारा निर्णय होता, आणि धूसर चित्रांनी निम्मी पानं व्यापल्याची तक्रार काही वाचक करतील हेही मला ठाऊक आहे. पण वाचकाने भिंग घेऊन दोन्ही पानं ताडून पाहावीत अशी माझी इच्छा आहे. उजव्या पानावरचा एखादा धागा डाव्या पानावर पुसटसाही सापडला नाही, तर आधी खाली लिहिलेला फ्रेम्सचा आकडा बघावा, कारण शेकडो फ्रेम्स मिळून जे दाखवतात ते एका फ्रेममध्ये बुडलेलं असू शकतं. मग त्याच सकाळच्या दुसऱ्या फितीचं चित्र परिशिष्टात बघावं. तिथेही तो धागा नसेल तर पेन्सिलीने त्यावर खूण करावी.